भाववाढ, नफा आणि कांद्याचा बाजार : 'विक्रेत्यांच्या भाववाढी'च्या उपपत्तीचे परीक्षण

१

भाववाढीची मीमांसा करताना अर्थशास्त्रज्ञांनी दीर्घकाळ दोन कारणांचा आश्रय घेतला आहे. एक मागणीचा अतिरेक आणि दुसरे उत्पादनाच्या परिव्ययात, विशेषतः मजुरीत, झालेली वाढ. या दोन्ही मीमांसांत नफ्याला स्वतंत्र स्थान नाही. परिव्यय वजा जाता जे उरते ते नफा, एवढीच त्याची ओळख. नफा हा स्वतःच भाववाढीचा वाहक ठरू शकतो, ही कल्पना मिखाल कालेत्स्की यांच्या मक्तेदारीच्या मात्रेविषयीच्या विवेचनात बीजरूपाने होती. १९५० च्या दशकाच्या अखेरीस ॲबा लर्नर यांनी तिला 'विक्रेत्यांची भाववाढ' असे नाव दिले. तथापि पुढे अनेक दशके पाठ्यपुस्तकांत ती उपेक्षितच राहिली. २०२१ नंतरच्या युरोपीय भाववाढीने तिला पुन्हा चर्चेत आणले.

या पुनरुज्जीवनाचे श्रेय मुख्यतः इझाबेला वेबर यांना दिले जाते. इव्हान वासनर यांच्यासह त्यांनी २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात भाववाढीच्या तीन अवस्था कल्पिल्या आहेत. प्रथम ऊर्जा, अन्न, वाहतूक यांसारख्या मूलभूत वस्तूंचे भाव एखाद्या संकटाने भडकतात. मग त्या वस्तू वापरणारे मोठे उत्पादक आपला नफा राखण्यासाठी, आणि शक्य तेथे वाढविण्यासाठी, आपापले भाव चढवितात. अखेरीस कामगार गमावलेले वास्तव वेतन परत मिळविण्यासाठी झगडतात. यांतील दुसरी अवस्था हा उपपत्तीचा गाभा होय. सामान्य काळी एकट्याने भाव वाढविणारा उत्पादक गिऱ्हाईक गमावतो, परंतु सर्वांचाच परिव्यय वाढला आहे हे सर्वांना ठाऊक असते तेव्हा प्रतिस्पर्धीही भाव वाढवील असा भरवसा प्रत्येकास वाटतो. कोणताही उघड करार न होता संकटच एकजुटीचे काम करते.

या विवेचनास संख्यात्मक आधार म्हणून आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या जून २०२३ मधील अभ्यासाचा हवाला नेहमी दिला जातो. युरो-क्षेत्रातील भाववाढ ऑक्टोबर २०२२ मध्ये १०.६ टक्क्यांवर पोचली होती. २०२२ च्या प्रारंभापासूनच्या भाववाढीपैकी सुमारे ४५ टक्के हिस्सा नफ्याच्या वाढीचा, ४० टक्के आयातीच्या खर्चाचा आणि २५ टक्के वेतनाचा असून, करांचा परिणाम किंचित उलट दिशेने झाला, असे त्या अभ्यासाने दाखविले. वेतनवाढीवर सगळा दोष टाकणाऱ्यांना हे आकडे निरुत्तर करणारे होते यात शंका नाही. परंतु त्यांवरून नफेखोरी सिद्ध झाली असे मानणे घाईचे ठरेल.

कारण साधे आहे. एखाद्या वस्तूचा परिव्यय १०० असून विक्रेता त्यावर २० टक्के नफा आकारीत असेल, तर भाव १२० होतो. परिव्यय १५० झाला आणि नफ्याचे प्रमाण २० टक्केच राहिले, तर भाव १८० होईल. भावातील ६० च्या वाढीपैकी १० नफ्याच्या खात्यावर पडतील, परंतु विक्रेत्याने प्रमाण तिळमात्र वाढविलेले नाही. त्याने प्रमाण ३० टक्के केले, तर भाव १९५ होऊन वाढीतील नफ्याचा हिस्सा ७५ पैकी २५ होईल. दोन्ही प्रसंगी 'नफ्याचा वाटा' दिसतो, पण सत्तेचा वापर फक्त दुसऱ्या प्रसंगी झालेला आहे. नाणेनिधीच्या अभ्यासकांनीही हा भेद सांभाळला होता. उद्योगांनी धक्क्याचा भार कामगारांपेक्षा कमी सोसला, एवढेच त्यांचे निश्चित प्रतिपादन होते. लोकप्रिय चर्चेत तो भेद लोपला.

तेव्हा या उपपत्तीचे खरे बळ 'नफा वाढला' या विधानात नाही. भाव ठरविण्याची सत्ता साखळीतील कोणत्या दुव्यापाशी आहे, हा प्रश्न तिने विचारावयास लावला, यात ते आहे. एखादे धोरण पुरोगामी आहे की नाही याची कसोटीही हीच असावयास हवी. ते कोणाच्या कळवळ्याने आखले गेले याला महत्त्व दुय्यम असून, त्याचा भार कोणत्या दुव्यावर पडला हे पाहिले पाहिजे.

२

या कसोटीवर युरोपातील उपाय सारखेच उतरत नाहीत.

सर्वांत विचारपूर्वक योजलेला उपाय स्पेन व पोर्तुगाल यांचा होता. युरोपीय वीजबाजारात सर्वांत शेवटी सुरू कराव्या लागणाऱ्या, म्हणजे सर्वांत महाग, वीजकेंद्राच्या परिव्ययावर सर्वच विजेचा भाव ठरतो. वायू महागला की वायूवर चालणारी केंद्रे भाव ठरवितात आणि ज्यांचा परिव्यय मुळीच वाढलेला नाही अशा जलविद्युत व अणुविद्युत केंद्रांनाही तोच भाव मिळतो. या दोन देशांनी जून २०२२ पासून वीजनिर्मितीसाठी लागणाऱ्या वायूच्या हिशेबी भावावर प्रारंभी ४० युरोची मर्यादा घातली आणि वायूकेंद्रांना फरकाची भरपाई दिली. त्यामुळे भाव ठरविणारा दुवाच खाली आला आणि इतर केंद्रांचा आकस्मिक नफा निर्माण होण्यापूर्वीच आटला.

युरोपीय संघाने ऑक्टोबर २०२२ मध्ये स्वीकारलेला मार्ग याच्या उलट, नफा झाल्यानंतर तो काढून घेण्याचा होता. खनिज तेल, वायू व कोळसा या क्षेत्रांतील कंपन्यांचा नफा २०१८ ते २०२१ या चार वर्षांच्या सरासरीपेक्षा २० टक्क्यांहून अधिक वाढला, तर त्या वरकड भागावर किमान ३३ टक्के 'ऐक्य-अंशदान' घ्यावे, असे ठरले. या योजनेत दोन गुण आहेत. करास पात्र होणारी रक्कम एका ज्ञात सूत्राने ठरते, आणि कर उलाढालीवर नसून नफ्यावर आहे. पोर्तुगालने तर अन्नवितरण करणाऱ्या मोठ्या कंपन्यांनाही तशा कराच्या कक्षेत आणले. परंतु भाव चढताना जे कुटुंब होरपळले त्याला या कराने तत्काळ काही मिळत नाही. कर वसूल होईतो संकट ओसरू लागलेले असते.

जर्मनीचा उपाय आणखी निराळा. वेबर ज्या तज्ज्ञ-समितीच्या सदस्य होत्या तिच्या शिफारशीस अनुसरून तेथे २०२३ साली कुटुंबांच्या पूर्वीच्या वापरापैकी ८० टक्के वायूसाठी दर युनिटला १२ सेंट हा भाव ठरला. उरलेल्या वापरास बाजारभाव लागू राहिल्याने काटकसरीची प्रेरणा कायम राहिली, हे या योजनेचे चातुर्य. पण ठरविलेला भाव आणि बाजारभाव यांतील अंतर सरकारी तिजोरीने भरले. ग्राहक वाचला, विक्रेताही वाचला, आणि भार करदात्यावर गेला. शिवाय पूर्वी ज्याचा वापर जास्त, म्हणजे बहुधा ज्याचे घर मोठे, त्याला साहाय्यही जास्त मिळाले.

हंगेरीने फेब्रुवारी २०२२ पासून साखर, पीठ, तेल अशा मोजक्या वस्तूंचे किरकोळ भाव गोठविले. दुकानदारांनी तोटा इतर वस्तूंवर लादला, आणि २०२२ च्या अखेरीस त्या देशातील अन्नपदार्थांची भाववाढ ४० टक्क्यांहून अधिक होती. जेथे भाव दिसतो तेथे नियंत्रण घातले गेले, जेथे तो ठरतो तेथे नाही.

या चार उदाहरणांवरून एवढे निष्पन्न होते की, 'पुरोगामी' या एकाच नावाखाली परस्परविरुद्ध परिणामांचे उपाय एकत्र आले आहेत. उपपत्तीने प्रश्न अचूक विचारला, परंतु धोरणांनी त्याचे उत्तर प्रत्येक वेळी दिले नाही.

३

ही उपपत्ती भांडवलप्रधान व संघटित उद्योगांच्या निरीक्षणातून निघाली. लक्षावधी लहान उत्पादक आणि मोजके खरेदीदार असलेल्या बाजारात ती कितपत टिकते, याचे परीक्षण करावयाचे तर नाशिक जिल्ह्यातील कांद्याइतके योग्य उदाहरण क्वचित सापडेल. नाशिक शहरातील द्वारका येथे मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुण्याकडे जाणारा रस्ता एकत्र येतात. पिंपळगाव बसवंत व लासलगाव या बाजारपेठांतून मुंबईकडे निघणाऱ्या कांद्याची वाट याच महामार्गाची. नाफेडच्या पुढाकाराने १९७७ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय बागवानी संशोधन व विकास प्रतिष्ठानाचे 'कांदा-बटाटा भवन'ही याच रस्त्यावरचे. नोव्हेंबर १९८० मध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी संघटनेने नाशिक जिल्ह्यात कांदा व ऊस यांच्या भावासाठी रस्ते रोखले, तेव्हापासून शेत आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये भाव कोठे तयार होतो हा प्रश्न या रस्त्याला चिकटलेला आहे.

कांद्याच्या बाजाराची घडण ऋतुचक्राने ठरते. मार्च ते मे या काळात निघणारा उन्हाळ कांदा हे वर्षाचे प्रमुख पीक. तो चाळीत साठविता येतो आणि खरिपाचा लाल कांदा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येईपर्यंत देशाची गरज त्यावरच भागते. लाल कांद्यास पावसाने गाठले किंवा त्याची आवक लांबली की साठ्यातील उन्हाळ कांद्याचा भाव एकाएकी चढतो. येथे युरोपीय विजेशी असलेले साम्य लक्षात घेण्याजोगे आहे. भाव टंचाईच्या क्षणी ठरतो, आणि ज्याने एप्रिल-मेमध्ये स्वस्तात माल साठविला त्याला, परिव्यय न वाढताही, तोच भाव मिळतो.

परंतु साम्याची मर्यादाही येथेच स्पष्ट होते. जलविद्युत केंद्राचे पाणी सडत नाही, कांदा सडतो. चार-पाच महिन्यांच्या साठवणीत वजनातील घट, सड आणि कोंब यांपायी साठ्याचा चौथा हिस्सा किंवा त्याहून अधिक नाहीसा होतो. समजा, मे महिन्यात १००० रुपये क्विंटलने कांदा चाळीत भरला आणि ऑक्टोबरपर्यंत ३० टक्के घट आली. उरलेल्या कांद्याचा परिव्यय क्विंटलमागे सुमारे १४२९ रुपये झाला. त्यात निवडण्याची मजुरी व अडकलेल्या पैशाचे व्याज मिळवावयाचे आहे. ऑक्टोबरात भाव १६०० रुपये असला तर वरवर ६० टक्के वाढ दिसते, पण हाती राहतात ते फार तर १७१ रुपये, आणि त्यांतूनही मजुरी व व्याज वजा व्हावयाचे. याच मालास ४००० रुपये भाव आला तर मात्र मोठा भाग आकस्मिक नफाच होय. म्हणजे केवळ दोन भावांतील अंतर पाहून साठेबाजी ठरविता येत नाही. घट वजा केल्यावर किती उरते, हाच खरा हिशेब.

दुसरा भेद अधिक मूलगामी आहे. उन्हाळ कांदा केवळ व्यापाऱ्याच्या वखारीत नसतो, तो शेतकऱ्याच्या चाळीतही असतो. साठेदार म्हटला की व्यापारी, हे समीकरण येथे लागू पडत नाही. मात्र दोघांची स्थिती सारखी नाही. शेतकऱ्यास पुढील हंगामाच्या खर्चासाठी पैसा लागतो, माल सडण्याची धास्ती असते, आणि बाजार-आवारात आणलेला कांदा परत नेणे त्यास परवडत नाही. डिसेंबर २०१० मधील भडक्यानंतर भारतीय स्पर्धा आयोगाने बंगळूरच्या सामाजिक व आर्थिक परिवर्तन संस्थेकडून कांदा-बाजाराचा अभ्यास करवून घेतला. नव्या व्यापाऱ्यास बाजारात शिरण्यात येणाऱ्या अडचणी आणि जुन्या व्यापाऱ्यांतील निकट संबंध यांकडे त्याने लक्ष वेधले. वेबर-वासनर यांच्या उपपत्तीत एकजुटीसाठी संकटाच्या संकेताची गरज असते. एकाच आवारात, रोज समोरासमोर बोली लावणाऱ्या मोजक्या खरेदीदारांना तेवढ्या संकेताचीही गरज उरत नाही. लिलाव बंद ठेवण्याची ताकद ज्याच्याकडे आहे, सौद्यातील वरचष्मा त्याचाच असणार.

रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका शोधनिबंधानुसार ग्राहक कांद्यावर खर्च करतो त्या रुपयातील सुमारे ३६ टक्केच शेतकऱ्याच्या हाती पडतात. उरलेल्या ६४ टक्क्यांत घट, वाहतूक, हमाली, तोलाई, आडत, व्याज आणि नफा ही सर्व येतात. त्यांपैकी नफा किती, हाच वादाचा मूळ मुद्दा आहे.

४

या पार्श्वभूमीवर २०२३ ते २०२५ या काळातील सरकारी उपायांचा क्रम पाहावा. फेब्रुवारी-मार्च २०२३ मध्ये कांद्याचे भाव इतके कोसळले की महाराष्ट्र शासनास क्विंटलमागे ३५० रुपये, प्रत्येक शेतकऱ्यास २०० क्विंटलच्या मर्यादेत, अनुदान जाहीर करावे लागले. त्याच वर्षी १९ ऑगस्टला केंद्र सरकारने निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसविले. नाशिकच्या बाजारांत लिलाव थांबले, तेव्हा २४१० रुपये क्विंटलने दोन लाख टनांची सरकारी खरेदी जाहीर झाली. त्याच सुमारास शहरांत २५ रुपये किलोने विक्री सुरू झाली. ऑक्टोबरच्या अखेरीस निर्यातीसाठी टनास ८०० डॉलर हा किमान भाव ठरला, ८ डिसेंबरपासून निर्यात पूर्णतः बंद झाली, आणि जानेवारी २०२४ पर्यंत घाऊक भाव निम्म्याच्या आसपास आले. बंदी ४ मे २०२४ रोजी उठली, पण ४० टक्के शुल्क राहिले. सप्टेंबर २०२४ मध्ये ते २० टक्के झाले आणि १ एप्रिल २०२५ पासून रद्द झाले.

ग्राहकास महागाईपासून वाचविणे हा या उपायांचा हेतू होता, आणि तो हेतू अनादरणीय नाही. गरीब कुटुंबाच्या ताटात कांदा ही चैनीची वस्तू नव्हे. तथापि येथे दोन आकडे शेजारी ठेवून पाहणे उद्बोधक ठरेल. युरोपीय संघाचा कर वरकड नफ्याच्या ३३ टक्के होता, तर कांद्यावरील शुल्क भावाच्या ४० टक्के होते. पहिल्यात नफा झाला नाही तर कर नाही. दुसऱ्यात विकणारा नफ्यात आहे की तोट्यात, हे विचारलेच जात नाही. परदेशी बाजारात पाकिस्तान, इजिप्त यांचा कांदा स्पर्धेत असताना निर्यातदार ते शुल्क परदेशी ग्राहकावर पूर्णपणे टाकू शकत नाही. तो ते खरेदीच्या बोलीतून वजा करतो, आणि शेतकऱ्यापाशी ते पुढे ढकलण्यास कोणीच नसतो. म्हणजे भाववाढविरोधी उपायाचा भार, भाव ठरविण्याची सत्ता ज्याच्यापाशी सर्वांत कमी, त्याच दुव्यावर आला. ज्याने मे-जूनमध्ये माल उचलून ऑगस्टपूर्वी विकला, त्याच्या नफ्यास कोणी हात लावला नाही.

यावर असा आक्षेप घेता येईल की, व्यापाऱ्यांवर साठ्याची मर्यादा घालणे हा उपाय तरी योग्य दुव्यावर येतो. ऑक्टोबर २०२० मध्ये घाऊक व्यापाऱ्यांसाठी २५ टन आणि किरकोळ व्यापाऱ्यांसाठी २ टन अशी मर्यादा लागू झाली होती. पण साठा करण्यास बंदी म्हणजे खरेदी करण्यासही बंदी होय. मर्यादा भरताच खरेदीदाराने हात आखडता घेतला आणि नाशिकच्या आवारांत लिलाव अडले. साठवण ही टंचाई निवारण्याची क्रियाही आहे आणि तीतून नफा काढण्याची संधीही. सरसकट मर्यादा दोहोंत फरक करीत नाही.

२४१० रुपयांना घेऊन वाहतूक, घट व विक्रीचा खर्च सोसून २५ रुपये किलोने विकणे, हा जर्मन योजनेचाच अवतार होय. अंतर तिजोरी भरते. यात वावगे काही नाही, परंतु त्याने खाजगी साखळीतील नफ्याचे प्रमाण बदलत नाही.

याच राज्यात एक उपाय मात्र योग्य दुव्याचा विचार करून योजला गेला होता. जुलै २०१६ मध्ये महाराष्ट्र शासनाने भाजीपाला व फळे यांच्या विक्रीवरील आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यावी असे ठरविले. तत्त्वतः हा निर्णय निर्दोष आहे. पण खरेदीदार मोजके असतील तर आडतीची रक्कम बोलीतूनच कमी केली जाऊ शकते. कर वा शुल्क कायद्याने कोणावर बसविले यापेक्षा सौद्यात कोण दुर्बळ आहे, यावर त्याचा अंतिम भार ठरतो. खरेदीदारांची संख्या वाढविल्याखेरीज हा निर्णय अर्धाच राहतो.

५

मराठी अर्थविचारास हा प्रश्न अपरिचित नाही. १९४७ साली ए. डी. गोरवाला यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या कमॉडिटी प्राइसेस बोर्डाचे धनंजयराव गाडगीळ हे सदस्य होते. युद्धकाळातील नियंत्रणे घाईने उठवू नयेत, अशी त्या मंडळाची भूमिका होती. सरकारने तिच्या विरुद्ध जाऊन डिसेंबर १९४७ पासून नियंत्रणे शिथिल केली. ऑगस्ट १९३९ चे भाव १०० धरल्यास नोव्हेंबर १९४७ मध्ये सुमारे ३०० असलेला घाऊक भावांचा निर्देशांक जुलै १९४८ पर्यंत ३९० च्या घरात गेला, आणि त्याच वर्षी नियंत्रणे पुन्हा आणावी लागली. अमेरिकेतील १९४६ च्या अनुभवाचा दाखला देऊन वेबर यांनी डिसेंबर २०२१ मध्ये जो युक्तिवाद केला, त्याला भारताच्या इतिहासात असा समांतर पुरावा आहे. परंतु त्या अनुभवाचा दुसरा धडाही तितकाच महत्त्वाचा आहे. नियंत्रण ही हिशेबावर उभी असणारी व्यवस्था आहे. परिव्ययाचे, साठ्याचे व वितरणाचे विश्वासार्ह आकडे नसतील तर नियंत्रण म्हणजे केवळ हुकूम होतो, आणि हुकूम नेहमी जवळच्या व दुबळ्या माणसावर चालतो.

नाशिकच्या बाजारांतील रोजची आवक आणि किमान, कमाल व सरासरी भाव यांची नोंद आज होते व प्रसिद्धही होते. परंतु लासलगावच्या लिलावापासून मुंबईच्या किरकोळ दुकानापर्यंत प्रत्येक टप्प्यावर घट किती, खर्च किती आणि नफा किती, याचा नियमित हिशेब कोणतीही सार्वजनिक यंत्रणा ठेवीत नाही. युरोपातील कर लावता आला, कारण तेथील कंपन्यांचे चार वर्षांचे हिशेब उपलब्ध होते. येथे तो हिशेब नसल्यामुळेच सरकारच्या हाती निर्यातबंदीसारखे बोथट हत्यार उरते. व्यापाऱ्याच्या नफ्याचे मोजमाप अवघड, बंदर बंद करणे सोपे. म्हणून सोपे ते केले जाते, आणि त्यास ग्राहकहिताचे नाव मिळते.

पुरोगामी मूल्यधोरणाची पहिली मागणी यामुळे नव्या कराची वा नव्या बंदीची असू शकत नाही, ती टप्पावार हिशेबाची असली पाहिजे. तो हिशेब असेल तर घट व खर्च वजा जाता उरणाऱ्या वरकड नफ्यावर पूर्वघोषित सूत्राने कर बसविता येईल, सरकारी साठा केव्हा व कोणत्या भावास बाजारात येईल हे हंगामाच्या आधी सांगता येईल, आणि ज्या सूत्राने चढत्या भावास आवर घालावयाचा त्याच सूत्राने कोसळत्या भावास आधारही देता येईल. मार्चमध्ये अनुदान आणि ऑगस्टात शुल्क, अशी एकाच शेतकऱ्याशी एकाच वर्षात घडलेली विसंगती टाळण्याचा दुसरा मार्ग दिसत नाही.

'विक्रेत्यांची भाववाढ' या उपपत्तीचे मूल्यमापन करताना एवढा निष्कर्ष काढणे योग्य ठरेल की, मोठ्या उद्योगांच्या अर्थव्यवस्थेत तिने एक दुर्लक्षित सत्य पुढे आणले आहे. मात्र 'विक्रेता' हा शब्द तिने जितक्या सहजपणे वापरला आहे तितक्या सहजपणे तो भारतीय कृषिबाजारात वापरता येत नाही. येथे पहिला विक्रेता हाच सर्वांत दुर्बळ आहे. त्याला आणि त्याच्या मालाचा भाव ठरविणाऱ्याला एकाच नावाने ओळखणारे धोरण, त्याचा हेतू कितीही लोकहिताचा असो, अंती चुकीच्या माणसाकडून वसुली करील.